रामझीच्या क्रेनवरचा मासा

माझा धाकटा भाऊ मोंजी वेल्डर होता आणि भारी गर्विष्ठ होता. स्फाक्सच्या बंदरात बोटी दुरुस्त करायचं यार्ड आहे, तिथे कुणी त्याच्या कामाला नावं ठेवली की संपलंच. "तुझं लग्न मोडेल, हा जोड नाही मोडायचा!" म्हणायचा. आमचं घरच फटकळ, मी धरून.

त्याचा एकुलता एक पोरगा, रामझी, त्याच यार्डात क्रेनवर लागला, तेव्हा मोंजीच्या बायकोने, मबरूकाने, हट्ट धरला. पोराला दृष्ट लागू नये म्हणून क्रेनवर मासा हवा. मोंजीने जाड पत्र्यातून मासा कापला, खवलेसुद्धा कोरले. तो तारेने बांधणार होता.

"तारेने? आणि वाऱ्याने पडला म्हणजे?" मबरूका कडाडली. "दुनियेचं लोखंड जोडतोस, आणि पोराचा मासा तेवढा तारेने?"

"बरं बाई, जोडतो!"

क्रेनच्या लांब हाताच्या वरच्या दांड्यावर, रामझीला केबिनमधून दिसेल असा, त्याने तो वेल्डिंग करून बसवला. इतक्या निगुतीने त्याने जन्मात काही केलं नसेल.

तिसऱ्या वर्षी बोट उचलताना क्रेनचा तो हात मोडला आणि केबिनवर आला. रामझी जागीच गेला.

त्या हाताचे सगळे मोठे जोड मोंजीचेच होते. "माझा कुठला जोड तुटला ते सांगा," एवढंच तो घोकत बसला. जेवेना, निजेना. राजधानीहून सिहेम नावाची इंजिनिअर बाई तपासायला आली होती. तिने तुटलेला भाग माशासकट कापून नेला आणि तपासून झाल्यावर तो यार्डात परत आणून मोंजीला बोलावलं. त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून मीही गेले.

"उस्ताद, तुमचे मोठे जोड शाबूत आहेत," ती म्हणाली. मला वाटलं, सुटला बिचारा.

"मग?"

तिने तुकडा उलटा केला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा होत्या. "लोखंड थकतं, उस्ताद. दर बोटीला चीर केसभर पुढे सरकते. वेल्डिंग जिथे संपतं तिथे ताण साचतो, मग जोड कितीही चांगला असो. अशा दांड्यावर वरून काही जोडायचंच नसतं."

सगळ्या रेघा माशाच्या शेपटीपासून निघाल्या होत्या.

मोंजीने शेपटीवरून बोट फिरवलं. "हा मी फार मन लावून केला होता," म्हणाला. या अल्ला, तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

वाटेत एकच बोलला. "ताई, मबरूकाला कळता कामा नये."

अंगणात शेजारणी जमल्या होत्या. मबरूका उठली. "काय म्हणाली ती?"

"माझा जोड कच्चा होता," मोंजी म्हणाला. सगळ्यांदेखत.

"मेल्या, माझं लेकरू खाल्लंस!" ती त्याच्या छातीवर मुठी मारत राहिली. मी गप्प राहिले. माझ्यासारखी तोंडाळ बाई, गप्प! काळीज फाटलं माझं.

मग काय, गावभर झालं. खिडकीच्या जाळ्यासुद्धा कुणी त्याच्याकडून करून घेईना. मबरूका मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलली नाही. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगते.

मासा तेवढा तिने यार्डातून मागून आणला होता. "हाच माझ्या पोराला जपत होता," म्हणायची. घराच्या दारावर लावायला तिने तो मोंजीपुढे टाकला. मोंजी तो तारेने बांधायला लागला.

"बघा गं," ती शेजारणींना म्हणाली, "याला आता मासासुद्धा जोडता येत नाही."

मोंजी मान खाली घालून तार पिळत राहिला.