सभागृहामागची बाटल्या वेचणारी

मुलांनो, इथल्या मोठ्या सभागृहामागे गुढियारी वस्तीतली एक बाई कार्यक्रम संपला की प्लास्टिकच्या बाटल्या वेचायची. पोत्यात टाकण्याआधी प्रत्येक बाटलीतलं उरलेलं पाणी ती भिंतीजवळच्या कडुनिंबाच्या रोपाला घालायची. या बाटल्या बंद कराव्यात, असं सभागृहाच्या सूचनावहीत मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. यंदा तिथे पाण्याची पिंपं आणि स्टीलचे पेले आले. मी कौतुकाने तिला ते दाखवलं. रिकाम्या पोत्याची घडी घालत ती म्हणाली, “चांगलं झालं, दीदी. आता कचरा उरून नाही राहिला. मीच उरली.”

त्यानंतर ती दिसली नाही. रोपाला मी घरून पाणी नेते. तिच्यासाठी सूचनावहीत काय लिहावं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.