बाजाराकडे तोंड असलेली गढी

इटलीच्या रोमान्या प्रांतातल्या मोंतेलुपारो या डोंगरगावात नुतो गवंड्याला सगळे ओळखत. बहुतेक घरांची एखादी तरी भिंत त्याच्या हातची होती. माणूस कमी बोलणारा; घरात दोघांच्या वाटचं बोलणं बायको पिएरा एकटीच उरकायची.

घिसेल्लो नावाच्या सरदाराने हे गाव घेतलं ते लढून नव्हे. जुन्या मालकांच्या जाचाला लोक विटले होते. पिएराचा भाऊ तानो पावाची भट्टी चालवायचा; त्याने एका पहाटे वेशीचा दरवाजा आतून उघडला आणि घिसेल्लो मूठभर स्वार घेऊन आत आला. पहिल्या हिवाळ्यात त्याने कोठारातलं धान्य वाटलं. बाजारात उभा राहून चारचौघांसारखे भाजलेले चेस्टनट खाल्ले. तानोच्या मुलीच्या बाप्तिस्म्यालाही आला. "असा धनी शोधून सापडायचा नाही," असं पिएरा शेजारणींना सांगत सुटली.

दोन-तीन वर्षांनी घिसेल्लोने नुतोला टेकाडावर बोलावलं आणि काठीने मातीत गढीचा आराखडा काढून दाखवला. तोफांसाठी भिंतीत ठेवायच्या जंग्या, म्हणजे भोकं, बघून नुतो घुटमळला.

"सरकार, शत्रू येणार दरीकडून. या जंग्या तर बाजाराकडे बघतायत."

"दरीतला शत्रू कधीमधी येतो, नुतो. बाजार रोज भरतो."

"पण लोक तुमच्यावर जीव टाकतात."

"लोकांचा जीव म्हणजे लग्नाचं वऱ्हाड. पंगत उठली की जो तो आपल्या घरी. मला त्यानंतरची सोय बघायचीय."

घरी हे ऐकून पिएरा उसळली. "म्हणजे तोफेचं तोंड आपल्या चुलीकडे! आणि ते तुम्ही बांधणार?"

"मी नाही तर दुसरा बांधील."

"मग बांधू दे की!"

पण नुतोनेच गढी बांधली. एवढं मोठं काम पुन्हा मिळणार नव्हतं, आणि नाही म्हणायची त्याला भीतीही वाटली.

घिसेल्लो वर राहायला गेला आणि बाजारात दिसेनासा झाला. भाडोत्री शिपाई आले. मग एका सकाळी त्यांनी तानोला भट्टीवरून उचललं आणि दुपारी गढीच्या तटावर फाशी दिलं. गुन्हा काय, ते कुणी सांगेना. शेवटी दरबारचा लेखनिक सेर लात्तान्झिओ पिएराकडे आला. हा माणूस जुन्या रोमचा इतिहास कोळून प्यायलेला.

"ज्याने एकदा आतून दार उघडलं तो पुन्हा दुसऱ्यासाठीही उघडील, असं धन्याचं म्हणणं," तो म्हणाला. "तानोचा अपराध एवढाच, की त्याचे उपकार होते."

पिएरा नवऱ्याला एकच वाक्य बोलली, "तुमच्या भिंतीवर टांगलंय त्याला." त्यानंतर ती त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि अंगणात निघून जायची. नुतो खाली मान घालून जेवायचा.

पुढे शेजारच्या प्रांताचं सैन्य दरीत उतरलं. लोकांनी तटावर यावं म्हणून घिसेल्लोने देवळाची घंटा बडवली. एकही माणूस गेला नाही. सगळ्या गावाने दारं लावून घेतली. पिएराने दाराचा आडणा सरकवला आणि किती तरी महिन्यांनी नवऱ्याकडे तोंड केलं.

"जाणार आहात वर?"

"नाही."

"मग बसा इथं, शेंगा सोला."

गढीची भिंत कुठेही तडकली नाही. पण गावातून दाणा जाईना, तेव्हा उपाशी शिपायांनीच दरवाजा उघडला. घिसेल्लो मठातल्या साधूच्या झग्यात पळताना पकडला गेला. शेजारच्या प्रांतवाल्यांचं वैर त्याच्याशीच होतं. ते त्याला घेऊन परतले. कारभार पंचांकडे आला आणि सेर लात्तान्झिओ त्यांचा म्होरक्या झाला. नुतोने बाजाराकडच्या जंग्या दगडाने बुजवल्या, तेव्हा लोकांनी टोप्या उडवल्या.

दोन वर्षांनी पीक बुडालं. धान्यासाठी पंचांच्या दारावर दगड पडले, आणि सेर लात्तान्झिओ नुतोच्या घरी आला.

"त्या जंग्या मोकळ्या करायच्यात, नुतो. लोकांचं राज्य टिकवायचं तर थोडा वचक लागतोच."

"कुणावर?"

"लोकांवर," तो म्हणाला, आणि पिएरा फिसकन हसली.

नुतोने हात पुसले. "सेर, त्या भिंतीआड बसल्यावर घिसेल्लोला आमची गरज वाटेना. गरज पडली तेव्हा आम्ही घराबाहेर पडलो नाही. तुम्हीही पडला नाहीत. तुम्ही एवढं वाचलंय, पण हे तर डोळ्यांनी बघितलंय. मी ते काम करणार नाही."

"गावकामातून नाव जाईल तुझं."

"जाऊ दे."

पंचांनी बोलोन्याहून गवंडी आणवला. नुतोला गावात काम मिळेना, तेव्हा तो खालच्या वस्त्यांवर गोठे आणि विहिरींचे काठ दुरुस्त करत हिंडू लागला. रात्री आता पिएरा त्याच्यासमोरच जेवायला बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. म्हातारपणी त्याने एका वस्तीतल्या बायकांसाठी ओढ्यावर धुण्याचं दगडी टाकं बांधलं. पहिल्याच दिवशी पिएरा चादरी घेऊन गेली आणि भिजल्या हातांनी परत आली.

"उतार जास्त झालाय. साबण ठरत नाही."

नुतोने छिन्नी उचलली आणि तो ओढ्याकडे निघाला.