आनंदी : अजिबात नाही

माझा स्वभाव संशयी आहे, आणि सुदैवाने मला त्याचाच पगार मिळतो. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. भावना मोजण्यासाठी आम्ही एक मराठी प्रश्नावली तयार केली होती. गेल्या आठवड्यात तुम्हाला आनंदी किती वाटलं, उत्साही किती, उदास किती, असे शब्द आणि प्रत्येकापुढे 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत चौकटी. ही प्रश्नावली खरोखर भावनाच मोजते की भलतंच काही, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं.

भलतंच काही मोजते, अशी माझी पहिल्या दिवसापासून खात्री होती. हडपसरच्या आयटीतली मुलं बिनधास्त 'आनंदी : खूप' अशी खूण करायची आणि मग हळूच विचारायची, "सर, हे एचआरकडे नाही ना जाणार?" कसबा पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी 'उत्साही'पुढच्या चौकटी कोऱ्या सोडून बाजूला लिहिलं होतं, 'आपणांस काय करायचे आहे?' सगळ्या गठ्ठ्यात मला तेवढं एकच उत्तर खरं वाटलं.

त्याच सुमारास मी आईला कसब्यातून वारज्याला आमच्याकडे आणलं होतं. बाबा गेल्यावर ती तिथल्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. गुडघे दुखायचे, जिना चढवत नव्हता, तरी यायला तयार नव्हती. शेवटी "महिनाभर राहून तर बघ" म्हणून आणलं. खोल्यांची किल्ली अजून आमच्याकडेच होती. ती मालकाला परत द्यायची की आईला परत न्यायचं, हे महिनाअखेरीला ठरवायचं होतं. खोल्या एकदा सुटल्या की सुटल्या.

आईला विचारलं की एकच उत्तर, "चाललंय." कसं चाललंय, ते नाही. मग मी तिच्यापुढे प्रश्नावलीच ठेवली. तिने चष्मा लावून, एकेक शब्द वाचून शांतपणे खुणा केल्या. आनंदी : अजिबात नाही. उत्साही : अजिबात नाही. समाधानी : अजिबात नाही. पण पुढे उदास, एकटं, घाबरलेलं, त्यांच्यापुढेही 'अजिबात नाही'च.

कुठेतरी पाणी मुरत होतं. लेकासमोर रडगाणं कशाला, म्हणून ती दुःख लपवत असणार, असं मी धरून चाललो आणि मनाने तिचं सामान बांधायलाही लागलो.

आमच्या तपासणीची एक रीत होती. माणसाच्या जवळच्या कुणाकडून त्याच्याबद्दल तीच प्रश्नावली भरून घ्यायची आणि दोन्ही ताडून बघायच्या. मी बायकोला बसवलं. तिने आईबद्दल भरलं, आनंदी : खूप. आता मला बायकोचा संशय आला. आपल्या घरात सासू दुःखी आहे, असं कुठली सून लिहून देईल?

"अरे, तू कॉलेजात गेलास की आई लिफ्टने खाली जाऊन बाकावर बायकांना भरल्या वांग्यांची कृती सांगत बसतात," बायको म्हणाली. "स्वयंपाक करताना गाणी म्हणतात. तुझी चाहूल लागली की गप्प."

"माझी चाहूल लागल्यावर का?"

"त्यांनाच विचार. आख्ख्या जगावर संशय घेण्यापेक्षा."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आलो. आवाज न करता दार उघडलं आणि चपला हातात घेऊन स्वतःच्याच घरात चोरासारखा उभा राहिलो. आई पोळ्या लाटत खरंच गात होती. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि गाणं थांबलं.

"आई, प्रश्नावलीत खोटं का लिहिलंस?"

"मग काय लिहू? सुखात आहे म्हणून कुणी लिहून देतं का? दृष्ट लागते. गाताना दिसले की तू लगेच विचारणार, आनंदी आहेस का."

मी हसलो. ती हसली नाही.

"बाबा रिटायर झाले तेव्हा शेजारणीजवळ बोलून गेले होते मी. म्हटलं, आता आम्हाला काही म्हणजे काही कमी नाही हो. महिना नाही झाला, गेले ते."

बाबांचं हृदय कमजोर होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण ते एक वाक्य ती इतकी वर्षं मनात घेऊन बसली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या गठ्ठ्यात तिच्या वयाच्या कितीतरी बायकांनी 'आनंदी'पुढे अशीच खूण केली होती. त्यातल्या खरोखर दुःखी कोण आणि घाबरलेल्या कोण, हे आता मला कुणी सांगणार नव्हतं.

मी तिच्याजवळ गेलो. "म्हणजे आई, तू इथे सुखा..."

तिने पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. डोळ्यांत खरीखुरी भीती होती.

"बोलू नकोस काही," ती म्हणाली. "जा, किल्ली देऊन ये. आणि येताना तिथलं माझं पोळपाट घेऊन ये. हे डुगडुगतं."