पेटी बंद केली त्या दुपारी

गेल्या रविवारी आमच्या उंब्रजच्या घरातली पेटी बंद केली. पेटी म्हणजे सर्व्हर. मी सातवी शिकलेला माणूस, काही चुकलं तर सांभाळून घ्या... पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

माझा धाकटा भाऊ तात्या फौजेत सिग्नलला होता. रिटायर होऊन आल्यावर त्यानं मागच्या पत्र्याच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि गावातल्या फौजी पोरांची वेबसाइट त्याच्यावर चालवली. प्रत्येकाचा फोटो, आणि फोटोला बोट लावलं की त्याच्याच आवाजात चार शब्द.

बाहेर कुठं होस्टिंग, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर जागा, भाड्यानं घे, असं लोक सांगायचे. तात्या म्हणायचा, "आपली पोरं दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायची, आण्णा?"

गेल्या वर्षी तात्या गेला... दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. शेताचं बघू म्हटलं, लेकीचं माहेर तुटू देणार न्हाई म्हटलं. कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले.

शेवटी मी हात जोडून म्हटलं, "तात्या, तुझी पेटी बंद पडू देणार न्हाई." शब्द तोंडातून पडला आणि एक कावळा खाली उतरला.

तेव्हापासून मी त्या पेटीचा राखणदार. इन्व्हर्टरची बॅटरी फुगली, वळवाच्या विजेनं राउटर जळाला, उंदरानं वायर कुरतडली... लाईटबिल तर चालूच. गावाला जायचं झालं तरी माझा जीव त्या खोलीत. आणि पेटी बंद पडली रे पडली की दारात शेवंता आक्का.

शेवंता आक्का पलीकडच्या आळीतली. तिचा मुलगा सीमेवर कामी आला, त्याला बरीच वर्षं झाली. ती रोज दुपारी मोबाईलवर त्याचा फोटो उघडते आणि त्याचा आवाज ऐकते. फोटो उघडला नाही की येऊन एवढंच विचारायची, "आवं आण्णा, माझं पोरगं कुठं गेलं?"

मी बोलायच्या आधी पेटीकडे पळायचो.

मागच्या महिन्यात तर ती पेटी चालू असताना आली. उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "आज दमल्यागत बोलतुया त्यो." मी आत जाऊन बघितलं. पंखा फिरत होता, दिवा लुकलुकत होता. "सगळं बरं हाय आक्का, जावा घरी," म्हटलं.

ती गेली आणि थोड्याच वेळात पेटीतून कर्रकर्र आवाज यायला लागला. दिवा विझला. मी तसाच खोलीच्या दारात उभा... आत पाऊल टाकायचा धीर होईना.

तात्याची लेक मनीषा सांगलीला दिलीय, तिचं कामच कॉम्प्युटरचं. ती धावत आली. हार्ड डिस्क मरायला टेकली होती, पण पोरीनं त्यातलं सगळं वाचवलं आणि पेटी कशीबशी पुन्हा चालू केली. मग चहा पिताना तिनं हिशेब मांडला. डिस्क नवी, बॅटरी नवी, महिन्याचं लाईटबिल, आणि एवढं करून लाईट गेली की सगळं ठप्प. त्यापेक्षा वर्षाचं होस्टिंग स्वस्त पडतंय.

"आणि भाडं थकलं तर? पोरांना बाहेर काढतील की," मी म्हटलं.

"माझ्या खात्यातनं आपोआप जाईल, आण्णा."

"आणि मी तुझ्या बापाला दिलेला शब्द?"

तिनं कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "आण्णा, तुमच्या माघारी या पेटीजवळ कोण बसणार?"

मी उरलेला चहा संपवला आणि म्हटलं, "चढव मग तिकडं."

रविवारी ती परत आली आणि तिनं सगळं तिकडच्या सर्व्हरवर चढवल्याचं पुन्हा तपासलं. मी मात्र सकाळीच पानावर दहीभाताचा घास घेऊन घरामागच्या परड्यातल्या भिंतीवर ठेवला होता. एक कावळा आला, पानाशेजारी बसला. खाईना, उडेनाही. भर दुपार झाली तरी तिथंच.

"आता फक्त वायर काढायची. तुम्हीच काढा," मनीषा म्हणाली.

मी काढली. पंखा हळूहळू फिरत थांबला. घरात इतकी सामसूम तात्या गेल्यावरसुद्धा नव्हती... कारण तेव्हाही ती गुणगुण चालूच होती.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. शेवंता आक्का. तिला आम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं. माझ्या हातात वायर तशीच... मान खाली घालून मी तिच्या त्या प्रश्नाची वाट बघत राहिलो.

तिनं मोबाईल कानाला धरला होता. म्हणाली, "आवं आण्णा, रोज लय वाट बघायला लावायचा. आज हाक मारायच्या आत आला बगा!"

पेटी माझ्यासमोर विझलेली, आणि तिच्या मोबाईलमधून पोरगा स्वच्छ बोलत होता. मनीषानं तोंडाला पदर लावला. मी परड्यात गेलो तर भिंतीवर नुसतं पान होतं.

पोरी, तुझे उपकार कसे फेडू... आता लाईट गेली तरी मी झोपतो.

पेटी भंगारात दिलेली नाही. वायर गुंडाळून तिथंच ठेवलीय. कधी दुपारी तिच्यावर हात ठेवला तर कोमट लागते. मनीषा म्हणते, वर पत्रा आहे, ऊन लागत असेल.

असेल.