एका मोटारीच्या दोन मालकिणी

गल्लीत कोणी फटफटी घेतली की आधी माझ्याकडं येतो. काका, नोंदणीला कागद कोणते लागतात? मालकाला स्वतः जावं लागतं का? राज्य बदललं तर नंबर बदलतो का? नाव बदललं असेल तर काय करायचं? मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, पण या बाबतीत मला कोणी हरवू शकत नाही. पहिल्या तिन्हींची उत्तरं उभ्याउभ्या देतो. चौथा प्रश्न आला की म्हणतो, बैस बाबा, आधी पाणी पी.

माझ्याजवळ उतारूंची एक सर्व्हिस मोटार होती. लाकडी बॉडी, आडवी बाकं, पुढून हँडल मारल्याशिवाय चालू व्हायची नाही. सकाळी उज्जैनहून बडनगरला जायची, दुपार टळली की परत. उज्जैनबाहेर ती कधी मुक्कामाला राहिली नाही, तरी तिनं तीन राज्यं पाहिली. आली तेव्हा ग्वाल्हेर दरबार होता, मग मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश. गाडी जागच्या जागी, आणि दर वेळी पाटी नवी, नोंदणीचं पुस्तक नवं नि खिडकीतला बाबूही नवा.

मोटार माझ्या सासऱ्यांनी दिलेली. ते दरबारच्या कचेरीत कारकून. लग्न ठरल्यावर, पण लागायच्या आधी, त्यांनी ती मुलीच्या नावावर चढवली. जावयाच्या नाही. जावई चौथी आणि मुलगी सातवी पास, एवढा हिशेब त्यांनी केला असणार. मला झोंबलं. पण मोटार हवी होती, म्हणून गप्प राहिलो. पुस्तकावर तिचं माहेरचं नाव, खाली तिची ठसठशीत सही.

लग्नात आपल्याकडं चाल आहे तसं मी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. माझ्या आजीचं नाव होतं ते. तिथून पुढं माहेरचं नाव संपलं, असं मी धरून चाललो.

मध्य भारत झाला तेव्हा नवा नंबर घ्यायला गेलो. कचेरीच्या फाटकाशी एक मुनशी फारम भरून द्यायचा. त्यानं विचारलं, "मालक का नाम?" मी छाती काढून तांदळातलं नाव सांगितलं. माझ्या घरातली बाई, माझ्या घरातलं नाव. त्या वेळी कोणी जुनं पुस्तक उघडून पाहिलं नाही. नवीन राज्याची घाई होती, शिक्के पडले, मी मिशीला पीळ देत घरी आलो. ही चूक माझी. आजवर कोणापाशी कबूल केली नाही, इथं करतो.

मध्य प्रदेश झाला आणि पुन्हा तेच. नवी पाटी, नवं पुस्तक, त्याशिवाय परमिट नाही. ऐन लगनसरा तोंडावर आलेला. त्यात हुकूम असा की महिनाभर गाडी धावली नाही तर सकाळची वेळ दुसऱ्याला मिळेल. फ्रीगंजातला एक मोटारवाला त्या वेळेवर डोळा ठेवूनच होता. सकाळची वेळ गेली म्हणजे माझं दुकान बंद.

गाडी कचेरीच्या आवारात नेऊन लावली. चासीवर कागद धरून शिसपेन्सिल घासली, नंबराचा ठसा काढला. ब्रेक दाखवले, भोंगा वाजवून दाखवला. सगळं पास. मग खिडकीतल्या बाबूनं दोन्ही जुनी पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. माळव्यातलाच, पोरगेलासा, पान खाणारा.

"दादा, गाडी कब बेची?"

"विकली नाही. कभी नहीं बेची."

"तो पहली किताब में ये बाई, और दूसरी में ये बाई. ये दो जनी कौन हैं?"

"एकच आहे. माझी बायको."

"दोनों?" तो मागच्या टेबलाकडं वळून म्हणाला, "दादा बड़े नसीबवाले हैं."

मागं हशा झाला. माझं डोकं फिरलं. त्याला समजावलं की आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. सासरचं नाव वेगळं, माहेरचं वेगळं.

"इसका कागज?"

"कागद नसतो. तांदळात लिहितात."

"तो चावल ले आओ."

"ते त्याच दिवशी शिजवले," मी ओरडलो. "पंगतीनं खाल्ले!"

तो हसला नाही. त्यानं पान गालात सरकवलं आणि फारमावर लाल रेघ मारली. एक तर पहिल्या बाईनं दुसऱ्या बाईला गाडी विकल्याचा कागद आणा, नाहीतर दोघींना इथं हजर करा. मी म्हणालो, एकीनं स्वतःला गाडी कशी विकायची? तो म्हणाला, "दादा, म्हारे कई मालूम? भोपाल से पूछो."

ते भोपाळ, नवी राजधानी, म्हणजे निराळंच दुखणं. त्या दिवसांत सगळ्या फायली गठ्ठे बांधून भोपाळला चाललेल्या. साहेब कुठं? भोपाळ. शिक्का कुठं? भोपाळ. काल इथं असलेली खुर्ची कुठं? तीही भोपाळलाच गेली असेल. मी लग्नाची पत्रिका नेली, तिच्यात माहेरचंच नाव. रेशनचं कार्ड नेलं, त्याच्यावर नुसतं माझं. माधव नगरातल्या वकिलाकडून हलफनामा लिहून नेला. बाबू म्हणाला, बाईंचं नाव बाईंनी सांगायचं, तुम्ही कशाला शपथ घेता?

घरी बायको रोज विचारायची, "झालं का?"

"होईल."

"मी येऊन सांगते की. माझंच नाव आहे."

"तू त्या रांगेत उभी राहणार? आपल्या घरातली बाई, त्या पानखाऊसमोर माहेरचं नाव सांगणार?"

"मग मोटार कोण सोडवणार? तुमची मिशी?"

मी ताटावरून उठलो. असले पंधरा दिवस काढले. रोज सकाळी अंगात कोट घालून कचेरीत जायचं, माझी मोटार आवारात धूळ खात उभी बघायची, आणि दुपारी तसंच परत यायचं. एका सकाळी पाहिलं, तर फ्रीगंजातला तो मोटारवाला माझ्या गाडीभोवती फिरून टायर बघत होता. मला बघून म्हणाला, "दादा, वहिनींचा काही निकाल लागला का? कोणत्या वहिनींचा ते विचारत नाही." मी काठी उगारली, लोकांनी धरलं.

त्या दिवशी घरी आलो तर बायको लुगडं बदलून, पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली. दाराशी टांगा उभा. तिनं बोलावलेला.

"चला," ती म्हणाली. "नाहीतर मी एकटी जाते."

मी टांग्यात पुढं बसलो, ती मागं.

खिडकीपाशी ती सरळ रांगेत उभी राहिली. पुढच्या दोघांनी जागा दिली, ती घेतली नाही. पाळी आल्यावर म्हणाली, "भैया, दोनों नाम मेरे हैं. कागद दो." बाबूनं कोरा कागद दिला. तिनं माहेरच्या नावाची सही केली, खाली सासरच्या नावाची केली. एकच वळण, एकच ठाशीव अक्षर. बाबूनं दरबारच्या पुस्तकावरची सही आणि ही सही उजेडात धरून पाहिली. पान चघळायचं थांबला. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बैठो, बाईसाब." पंधरा दिवसांत मला त्यानं बसायला सांगितलं नव्हतं.

मग विचारलं, "अब किताब में कौनसा नाम चढ़ाऊँ?"

मी पुढं झालो, तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "पहिलंवालं," म्हणाली. "मेरे पिताजी ने दी थी."

शिक्का त्या दिवशी भोपाळला नव्हता. टेबलाच्या खणातच होता. बसला.

मोटार सुटली. मी हँडल मारलं, बायको शेजारच्या बाकावर येऊन बसली. पुलापर्यंत मी कळ काढली, मग गाडी कडेला घेतली आणि तोंडाला येईल ते बोललो. माझ्या आजीचं नाव दिलं तुला. चार लोकांत माझी लाज काढलीस. सासऱ्यांना हेच हवं होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या नावानं तुम्ही मला किती वेळा हाक मारली?"

आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत. मी 'अगं' म्हणायचो. माझी आई 'सूनबाई', भाऊ 'वहिनी', शेजारी 'मोटारवाल्या काकू'. मी आठवून पाहिलं. तांदळात लिहिलं त्यानंतर ते नाव उच्चारलं होतं एकदाच, फाटकाशी, त्या मुनशीपुढं.

"दुपार टळत आली," ती म्हणाली. "चला आता. पोरं उपाशी असतील."

सकाळची वेळ माझीच राहिली. पण दर वर्षी पासिंगला गेलो की तो बाबू, आणि त्याच्यानंतर आलेले बाबूही, खिडकीतून मालकाचं नाव पुकारायचे. आवारात ड्रायव्हर, मिस्त्री, तो फ्रीगंजवाला, सगळे असायचे. माझ्या बायकोचं माहेरचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं, आणि मी, मिशीवाला माणूस, पुढं होऊन म्हणायचो, "हाजिर." राग यायचा. अजून येतो. पण पुढं व्हायचो.