आत कुणी जायचं नाही

अर्लिस टोलेफसनच्या रानात मधोमध एक दाट जाळी होती आणि तिच्यात पाय ठेवायला खुद्द अर्लिसलाही बंदी होती. जाळी दाट झाल्यावर ही बंदी घातली होती तिच्या नवऱ्याने, लाइलने. विस्कॉन्सिनमधल्या त्या उतारावर दोघांनी वर्षानुवर्षं खपून कोवळे मेपल कमरेच्या उंचीवर अर्धवट कापून आडवे केले होते. अशी झाडं मरत नाहीत, आडवी पडून फुटत राहतात. हरणांना पाला मिळतो, पाडसं दडवायला जागा होते. "हे त्यांचं घर. शिकार करायची ती कडेला बसून," लाइल म्हणायचा. चर्चमध्ये, लग्नात, मयतीलासुद्धा त्याचं हेच पुराण. अर्लिसला त्याचा भारी अभिमान. तो गेल्यावर तिने नातवंडांनाही जाळीपासून हाकललं.

यंदा शिकारीच्या मोसमात पहिल्याच सकाळी बार झाला, तो जाळीच्या आतून.

कॉफी तशीच टाकून, शिकाऱ्यांना लांबून माणूस दिसावा म्हणून घालायचं केशरी जाकीट चढवून ती आत घुसली. आत चांगली मळलेली पायवाट होती. वाटेच्या टोकाला दीर ड्वेन मेलेल्या हरणावर वाकला होता आणि वर दोन मेपलांना ठोकलेलं मचाण होतं.

"लाज नाही वाटली? भावाची माती अजून ओली आहे!"

"वहिनी, तुम्ही घरी जा. मी येतो, मग बोलू."

"कधी बांधलंस हे?"

अर्लिसने मचाणाकडे नीट पाहिलं. खिळ्यांवर साल चढून त्यांची डोकी कधीच आत गेली होती. फळीवर दोन उशा होत्या. एक लाल चौकड्यांची, लाइलच्या जुन्या शर्टाची, अर्लिसने स्वतः शिवलेली. मासे धरताना तळ्यात पडली, असं लाइल म्हणाला होता.

"त्यानेच बांधलं," ड्वेन हरणाकडे बघत म्हणाला. "इथे हरणं बिनघोर येतात ना."

"आणि मला बंदी?"

"तुम्ही बाहेर इतकी कडक राखण केलीत, वहिनी, की दुसरं कुणी कधी फिरकलंच नाही."

हरणांना तिने भरवसा दिला होता आणि त्याच भरवशावर नवऱ्याने बंदूक टेकवली होती. तो मेला त्या दिवशीही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दुपारी ती करवत घेऊन परत आली. मचाणाची दोन्ही झाडं तिने कमरेच्या उंचीवर अर्धवट कापली, लाइलने शिकवलं होतं अगदी तशीच. मचाण उशांसकट जाळीत कोसळलं. वसंतात त्या झाडांना धुमारे फुटतील, हरणं पाला खातील. ते बघायला अर्लिस काही आत येणार नव्हती.