डबा उघडायचा नाही

कापसाची वाट लागली त्या वर्षांत दारव्ह्याला बसस्टँडमागे एक कॉम्प्युटर क्लास निघाला. चालकाने भिंतीवर रंगवून घेतलं होतं: ‘कापूस बुडाला, कॉम्प्युटर तारेल.’ आमच्या घरांतल्या काळजीची या माणसाने जाहिरात केली होती, आणि आम्ही त्याला सर म्हणायचो.

मी बोरी अरबहून जीपने जायचे. चपला बाहेर काढून आत गेलं की मशीनवर मखमली कव्हरं. एकाने कीबोर्ड धरायचा, बाकीच्यांनी बघायचं. आत काय असतं, असं मी एकदा विचारलं.

“तुले काय करा लागते?” सर म्हणाले. “डबा उघडायचा नाही. आत करंट असते.”

त्यांनाही ते माहीत नव्हतं. मशीन बिघडलं की ते यवतमाळला पाठवायचे आणि तिथल्या दुकानदाराला शिव्या घालत बसायचे.

मग मी ठरवलं, कॉम्प्युटर स्वतःच जोडायचा. ब्लाउज शिवून पैसे साठवले होते, त्यातून नागपूरहून एकेक भाग आणला. सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड मुद्दाम असा घेतला, की पुढे मेमरी वाढवता यावी, दुसरी डिस्क बसवता यावी. बाबा वावरातून आले की डबा धरून ठेवायचे आणि मी स्क्रू आवळायचे.

बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच, आणि आतून लांब टूंऽऽ टूंऽऽ आवाज. मी सरांना जाऊन सांगितलं. ते खुर्चीतून हललेही नाहीत.

“बोर्ड जळला. पोरींचं काम आहे का हे? आता आपल्याकडून तयार डबा घेऊन घे.”

“न पाहता कसं समजलं, सर?”

“अनुभव आहे.”

मला संताप आला नाही, किळस आली. घरी येऊन बोर्डासोबत आलेली इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचत बसले. लांब आवाज म्हणजे मेमरी नीट बसलेली नाही. प्लग काढला, मेमरीची पट्टी उपसली आणि पुन्हा जोर लावून दाबली.

“मोडशीन ना वं!” बाबा ओरडले.

दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खटकन लागल्या. पुन्हा प्लग लावून बटण दाबलं, तर पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. बाबा ती बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी नजर हटवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी भर क्लासमध्ये सांगितलं, “सुरू झाला.” सर म्हणाले, “नशीब तुझं,” आणि मखमली कव्हर झटकू लागले. त्या दिवसापासून मी तिथे गेले नाही.

पुढे त्याच मशीनमध्ये मेमरी वाढली, डिस्क वाढली, गावातल्या लग्नपत्रिका त्यावर निघाल्या, आणि त्याच कामाच्या जोरावर मला यवतमाळला नोकरी लागली. आजही कोणी कौतुकाने म्हणतं, “सर तुझे पहिले गुरू.” मी तोंडावर ‘नाही’ म्हणते.